घंटी वाजवणारा वॉटसन

जैनाबादच्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे. ऑफिसातला फोन वाजतो तेव्हा माणसं मागच्या गोदामात कापसाच्या गाठी रचत असतात, आणि कॉल हुकतो. गोदामात सूचना द्यायला भोंगे बसवलेलेच आहेत, तर फोनची घंटी त्यांवरच वाजवता येईल का? तापीपलीकडे बुऱ्हाणपुरात यंत्रमागांच्या खडखडाटात राबणाऱ्यांनाही हा प्रश्न आपलाच वाटेल.

येते, आणि थोडक्या खर्चात येते. मात्र फोनची तार थेट अॅम्प्लिफायरला जोडायची नाही. फोन ठेवलेला असतो तेव्हा तारेवर सुमारे 48 व्होल्टचा स्थिर दाब असतो. कॉल आला की एक्स्चेंज त्यावर 75 व्होल्टच्या आसपासचा, सेकंदाला 25 आवर्तनं करणारा प्रवाह सोडतं. अॅम्प्लिफायरचं इनपुट एखाद्या व्होल्टचं किंवा त्याहूनही कमी सिग्नल झेलायला केलेलं, ते एका कॉलमध्ये जळू शकतं. शिवाय 25 हर्ट्झचा सूर छोट्या भोंग्यातून ऐकूच येणार नाही. तारेवरून येते ती घंटी नव्हेच, घंटीची हातोडी हलवणारी ताकद येते.

ही ताकद कामाला लावणारा माणूस थॉमस वॉटसन. 1876 मध्ये बेलने फोनवरून पहिल्यांदा हाक मारली ती त्यालाच, आणि शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव तेवढ्यापुरतंच येतं. पण त्या फोनला घंटीच नव्हती! पलीकडच्याला बोलवायचं तर पेन्सिलीच्या बुडाने पडद्यावर टकटक करावी लागे. वॉटसनने आधी पडद्यावर आपटणारी हातोडी करून पाहिली, मग बझर, आणि 1878 मध्ये दोन वाट्यांच्या मधोमध डुलणारी हातोडी. कायमच्या चुंबकामुळे प्रवाहाची दिशा बदलली की ती एका वाटीवरून दुसरीवर जाते. काळ्या जड फोनची ‘ट्रिंग-ट्रिंग’ आपण कित्येक दशकं ऐकली, ती याच रचनेतून. बोलणं बेलने पोचवलं, पण फोनकडे धाव घ्यायला लावलं वॉटसनने. माझ्या मते टेलिफोनचा निम्मा शोध त्याच्या नावावर असायला हवा.

गोदामातही त्याचीच युक्ती चालते. तारेवर कपॅसिटर लावला की तो 48 व्होल्टचा स्थिर दाब अडवतो आणि घंटीचा प्रवाह तेवढा पुढे सोडतो. त्या प्रवाहावर ऑप्टोकपलरमधला दिवा लुकलुकतो, प्रकाश पाहून पलीकडचा रिले मिटतो, आणि अॅम्प्लिफायरला जोडलेलं टोन-यंत्र वाजू लागतं. दोन्ही बाजूंमध्ये विजेचा संबंध नाही, फक्त उजेडाचा. आपल्याकडची घंटी 0.4 सेकंद वाजते, 0.2 थांबते, पुन्हा 0.4 वाजते आणि 2 सेकंद गप्प राहते. रिले ती लय जशीच्या तशी पाळतो, म्हणून भोंग्यावरही फोनच वाजतोय हे लगेच कळतं. इंटरनेटवरच्या फोनसाठी हेच काम करणारे तयार अडॅप्टर मिळतात.

टोन 1,000 हर्ट्झच्या आसपास ठेवा. कापूस बारीक सूर अधिक गिळतो, आणि खालचे सूर गाठींना वळसा घालून पुढे जातात. एकच मोठा भोंगा किंचाळवण्यापेक्षा चार लहान बसवावेत. 100 व्होल्ट लाइनवर, प्रत्येकामागे छोटा ट्रान्सफॉर्मर लावून, ते लांबवर बारीक तारेनेही चालतात. दूरच्या भोंग्याचा आवाज 34 मीटरला दशांश सेकंद उशिरा येतो; त्याने बोलणं गढूळ होतं, घंटीचं मात्र काही बिघडत नाही. म्हणून भोंग्यावर घंटीच द्यावी, संभाषण फोनवरच करावं.

जोडणी जाणत्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्या. भोंगे गोदामाच्या आतच असू द्या, आणि रात्री 10 नंतर शेजाऱ्यांच्या झोपेचा मान ठेवा.