महेश्वर : दोन तासांत न उरकणारे गाव

ओंकारेश्वर आणि मांडू यांच्या मधल्या वाटेवर बहुतेक मराठी सहली महेश्वरला जेमतेम दोन तास देतात. घाटावर फोटो, राजवाड्याला नमस्कार, एखादी साडी, की गाडी पुन्हा रस्त्याला. या गावावर हा अन्यायच आहे.

अहिल्याबाई होळकरांनी १७६७ मध्ये कारभार हाती घेतला आणि नर्मदेच्या उत्तर तीरावरचे हे गाव राजधानी केले. १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्या गेल्या, त्याही इथेच. किल्ल्यातला राजवाडा पाहून नवखा माणूस चक्रावतो. काशी-सोमनाथला देवळे उभारणाऱ्या बाईंचे घर एवढेच? लाकडी खांब, ओसरी, पांढरी गादी. वाई-मेणवलीकडचा एखादा वाडा वाटावा. दगडातले वैभव पाहायचे तर पायऱ्या उतरून घाटाकडे यावे लागते. वाटेत विठोजी होळकरांची छत्री आहे. यशवंतरावांच्या या भावाला दुसऱ्या बाजीरावाने १८०१ मध्ये पुण्यात हत्तीच्या पायी दिले. पुस्तकात वाचलेली ही गोष्ट इथे उभे राहिल्यावर जास्त बोचते.

घाटावर साताऱ्याकडचे एक काका भेटले. पांढरे कपडे, हातात दंड, पाठीला पडशी. पायी परिक्रमेला निघालेले, पण त्या दिवशी मुक्काम हलवायची त्यांना घाई नव्हती. मलाही नव्हती. मग दोघे मिळून किल्ल्यातल्या हातमागांवर रेंगाळलो. रेशमी ताणा, सुती बाणा, दोन्ही बाजूंनी नेसता येतील असे काठ. हा धंदा मोडकळीला आला असताना १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातल्या रिचर्ड आणि सॅली यांनी ‘रेहवा’ संस्था काढून तो सावरला. काकांना काही घ्यायचे नव्हतेच, पण धोट्याची ये-जा ते बराच वेळ पाहत राहिले. घरी त्यांच्या आजोबांचा माग होता म्हणे.

दुपार कलल्यावर मी नाव ठरवली. पैलतीरी नावडातोली आहे. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी १९५० च्या दशकात तिथे उत्खनन केले, तेव्हा तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ताम्रपाषाणयुगीन वस्ती, चित्रे काढलेली मातीची भांडी आणि जळके धान्य सापडले. काकांना म्हटले, चला की. ते हसले. परिक्रमेत नदी ओलांडायची नसते, ती सतत उजव्या हाताला ठेवायची. पात्रामधले बाणेश्वराचे देऊळसुद्धा त्यांनी काठावरूनच हात जोडून पाहिले होते.

“तुम्ही जा पलीकडे. मला मैयाची परवानगी नाही,” ते म्हणाले. फोन नंबर मागितला नाही, पुन्हा भेटू असेही कोणी म्हटले नाही. ‘नर्मदे हर’ झाले आणि त्यांनी मंडलेश्वरची, म्हणजे पूर्वेची वाट धरली. परिक्रमावासीयांच्या ओळखी अशाच सुटतात, आणि त्यात रुखरुख कमी असते असे माझे मत झाले आहे.

मुंबई-आग्रा महामार्गावर धामणोदला वळले की महेश्वर तेरा-चौदा किलोमीटर. इंदूरहून नव्वदच्या आसपास. ऑक्टोबर ते मार्च हा काळ बरा, उन्हाळ्यात घाटाचा दगड पाय टेकू देत नाही. निघतानाच गाडीवाल्याला सांगून ठेवा, महेश्वरला मुक्काम आहे.