विरंजक चूर्ण : हाताळणी व साठवण
विरलेल्या चुन्यावर क्लोरीन वायूची विक्रिया करून मिळणारे पांढरे, उग्र वासाचे चूर्ण. खेडोपाडी ते ‘टीसीएल पावडर’ म्हणून ओळखतात. चार्ल्स टेनंट यांनी १७९९ मध्ये याचे एकस्व घेतले. ताज्या चूर्णात सु. ३३% उपलब्ध क्लोरीन असतो.

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड तालुक्यांत विहिरींचे पाणी निर्जंतुक करण्यासाठी ग्रामपंचायती ते वापरतात. पावसाळ्यात विहिरीत गढूळ पाणी शिरते व चूर्णाची गरज वाढते; नेमके तेव्हाच दमट हवेने त्यातील क्लोरीन झपाट्याने उडून जातो. उघड्या पिशवीतील चूर्ण पांढरेच दिसते, परंतु उरतो तो बहुतांशी चुना, आणि गाव मात्र पाणी निर्धोक समजून पिते.

म्हणून ते झाकणबंद प्लॅस्टिकच्या पिंपात, कोरड्या, थंड व हवेशीर खोलीत, जमिनीपासून उंच ठेवावे. लोखंडी डबा गंजतो. खत, डिझेल व ॲसिड त्याच खोलीत ठेवण्याची सवय अत्यंत घातक होय. ॲसिडाशी संपर्क येताच विषारी क्लोरीन वायू सुटतो. युरियाशी स्फोटक संयुग बनू शकते. तेलकट पदार्थ पेट घेऊ शकतात.

चूर्ण काढताना हातमोजे व चष्मा वापरून वाऱ्याकडे पाठ करावी. डोळ्यांत गेल्यास किमान १५ मिनिटे पाण्याने धुऊन दवाखाना गाठावा. दर १,००० लिटर पाण्यास सु. २.५ ग्रॅम चूर्ण प्लॅस्टिकच्या बादलीत कालवून निवळू द्यावे व वरची निवळीच विहिरीत सोडावी. खालचा चुना पाण्याचा कठीणपणा वाढवितो. तासाभराने ऑर्थोटोलिडिनाच्या थेंबांनी पाणी पिवळे न झाल्यास साठ्यातील चूर्णच तपासावे.