हिमवर्षाव व वातवाहित हिम
आकाशातून पडणारे हिम व वाऱ्याने जमिनीवरून उडविलेले हिम यांतील भेद साध्या हिममापकाने कळत नाही. त्यामुळे अंटार्क्टिकासारख्या वादळी प्रदेशात हिमवृष्टीचे मापन चुकते व हिमस्तराच्या वाढ-घटीचा अंदाज बिघडतो. बहुकोनी हिमकण-कॅमेरा येथे उपयोगी पडतो. त्यात पडत्या कणाचे छायाचित्र एकाच वेळी तीन कोनांतून घेतले जाते व त्याचा पतनवेगही मोजला जातो. ताज्या हिमस्फटिकांच्या शाखा पुष्कळदा शाबूत असतात. वातवाहित कण मात्र आपटून व संप्लवनाने झिजून लहान, गोलसर झालेले असतात आणि एकेका प्रतिमेत पुष्कळ दिसतात. या लक्षणांवरून प्रतिमांचे संगणकीय वर्गीकरण करण्याची पद्धती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. वादळात दोन्ही कण मिसळतात. म्हणून मिश्र प्रतिमांचा वेगळा विचार करावा लागतो.