बाळंतिणीला हवं ओळखीचं माणूस

आदिवासी भागातल्या बालमृत्यूंची चर्चा निघाली की पहिलं बोट आईकडे दाखवलं जातं. मेळघाटात किंवा नंदुरबारमध्ये बाळ दगावलं की चीक पिळून टाकला असेल, मध चाटवला असेल, अशी कारणं शहरात बसून सांगितली जातात. चीक जड असतो, ही समजूत घातकच आहे; पहिल्या दिवसांतल्या त्या पिवळसर दुधात रोगाशी लढणारे घटक सर्वाधिक असतात. पण ती पाड्यांपुरती नाही. शिकलेल्या घरांतही घुटी आणि मध चालतोच. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) देशातली 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, तरी जन्मानंतर तासाभरात आईचं दूध मिळालेली बाळं 41.8 टक्केच होती. दोष फक्त रूढीचा असता, तर दवाखान्याच्या खाटेवर ही तफावत दिसली नसती. बाळाला छातीशी कसं धरायचं हे दाखवणारं माणूस त्या तासात आईजवळ नसतं, हे खरं दुखणं आहे.

करोनाच्या साथीत तेच दुखणं वाढलं. तापातल्या आईचं दूध बाळाला बाधतं, या जुन्या भीतीला नवा आधार मिळाला. सुरुवातीला काही देशांत बाधित आईपासून नवजात बाळ वेगळं ठेवण्याचा सल्ला दिला गेला. संसर्ग टाळण्यासाठी हे आवश्यक होतं, असं आजही कोणी म्हणेल. पण जून 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन्ही बाजू तोलून मास्क लावून, हात धुऊन स्तनपान चालू ठेवण्याचा सल्ला दिला. दुधातून विषाणूची बाधा झाल्याचा पुरावा नव्हता, बाळांना करोनाचा त्रास बहुधा सौम्य होता आणि दूध तोडल्याने होणारी हानी त्याहून मोठी होती. जिथे पाणी उकळायला सरपण आणावं लागतं, तिथे बाटली म्हणजे जुलाबांना आमंत्रण. हा सल्ला पाड्यावर पोचवायचा तो आशाताईंनी. पण मार्च 2020 पासून त्या घरोघरच्या करोना सर्वेक्षणाला जुंपल्या गेल्या आणि अंगणवाड्याही बंद झाल्या.

समजुती बदलायला पिढ्या लागतात, एक ताई काय करणार, हा आक्षेप रास्त वाटतो. त्याला गडचिरोलीने उत्तर दिलं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत गावच्याच बायकांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्यात जंतुसंसर्गावर उपचार होते, ऊब देणं होतं आणि स्तनपानाला मदतही होती. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, 62 टक्क्यांनी घटला. हे श्रेय एकट्या दुधाचं नाही; पण ओळखीच्या बाईचं ऐकून घरातल्या रीती बदलतात, एवढं त्यातून नक्की कळतं. याच धर्तीवर आज आशाताईने 42 दिवसांत सहा भेटी द्यायच्या असतात. बाळंतपण घरी झालं असेल तर सात.

उपाशी आईला दूध कुठून येणार, हा प्रश्न अधिक टोचणारा आहे. मध्यम कुपोषित आईलाही बाळापुरतं दूध बहुधा येतं. झीज होते ती तिच्या अंगाची. म्हणून जेवण आईला द्यायला हवं, डबा बाळाला नव्हे. संकटकाळात दूध पावडर वाटण्याचा मोह होतो, पण अशा वाटपाला आळा घालणारा कायदा देशात 1992 पासून आहे. महाराष्ट्राच्या अमृत आहार योजनेतून आदिवासी गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक वेळचं गरम जेवण मिळतं, ती दिशा योग्य आहे. शिवाय बाळाला दिवसभर जवळ बाळगणं, रडलं की पाजणं, चालू लागल्यावरही न तोडणं या पाड्यांवरच्या रीती वैद्यकशास्त्राला मान्य आहेत. त्यांचा आदर राखून चिकाबद्दल बोललं, तर ते ऐकलं जाईल. पुढची साथ येईल तेव्हा नवजात बाळाच्या गृहभेटी अत्यावश्यक सेवा मानायला हव्यात. त्या भेटी कोरकू, गोंडी, पावरी बोलणाऱ्या बायकांनी द्याव्यात आणि त्यांना पुरेसा, वेळेवर मोबदला मिळावा. आईला दोष देणं फुकट पडतं, म्हणून ते सोपं. तिच्या दारात मदतीचं माणूस उभं करायला पैसा लागतो आणि तो खर्च सरकारने करायलाच हवा.