सुबोध शब्द, मोकळा अर्थ : ‘स्पिट्झ’च्या गीतांच्या टिकाऊपणाची मीमांसा

लोकप्रिय गीतांचे आयुष्य सामान्यतः अल्प असते. ज्या हंगामात ती गाजतात, त्या हंगामाबरोबर ती विस्मृतही होतात. जपानमधील ‘स्पिट्झ’ या रॉक वाद्यवृंदाची गीते मात्र या नियमाला अपवाद ठरली आहेत. हा वृंद १९८७ साली टोकियो येथे स्थापन झाला. गायक व गीतकार कुसानो मासामुने, गिटारवादक मिवा तेत्सुया, बेस-गिटारवादक तामुरा आकिहिरो आणि ड्रमवादक साकियामा तात्सुओ या चौघांचा हा मेळ आजवर अभंग राहिला आहे. १९९१ साली त्यांच्या व्यावसायिक ध्वनिमुद्रिका निघू लागल्या. परंतु पहिली काही वर्षे त्यांना फारसे यश लाभले नाही. एप्रिल १९९५ मध्ये निघालेल्या ‘रॉबिन्सन’ या गीताच्या १६ लाखांहून अधिक प्रती खपल्या, आणि तेव्हापासून या वृंदाचे नाव घरोघरी पोहोचले. ही गीते आजही गायिली जातात. त्यांच्या या टिकाऊपणाचे कारण काय, हा येथे विवेच्य प्रश्न आहे.

सामान्यतः दिली जाणारी कारणे दोन : गतकाळाची ओढ आणि दूरचित्रवाणीने दिलेली प्रसिद्धी. दुसऱ्या कारणात तथ्य आहे. ‘सोरा मो तोबेरु हाझु’ हे गीत १९९४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा ते बेताचेच चालले. जानेवारी १९९६ मध्ये ‘हाकुसेन नागाशी’ या मालिकेचे ते शीर्षकगीत झाले आणि त्यानंतर त्याने विक्रीत पहिले स्थान मिळविले. माध्यमिक शाळेच्या अखेरच्या टप्प्यावरील मुलामुलींची ती कथा होती. साहजिकच शालेय निरोपसमारंभांशी त्या गीताचे नाते जुळले. परंतु मालिकांची शीर्षकगीते शेकड्यांनी होतात आणि विसरलीही जातात. शिवाय ज्यांचा जन्मच १९९६ नंतरचा, अशी मुले ते गीत समूहस्वरात गातात. त्यांच्या बाबतीत गतकाळाच्या ओढीचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणजे प्रसिद्धीने गीत श्रोत्यांच्या दाराशी नेले. ते घरात का राहिले, याचे उत्तर गीतातच शोधावयास हवे.

हे उत्तर शोधताना प्रथम भाषेकडे वळावे लागते. जपानी उच्चाराचे मूलमान ‘हाकु’ होय. मराठी छंदःशास्त्रातील ‘मात्रा’ या संकल्पनेशी त्याचे निकटचे साम्य आहे. मराठीत ‘रॉबिन्सन’ या शब्दाची अक्षरे उच्चारात तीनच भरतात. जपानीत मात्र रो-बि-न्-सो-न् अशा पाच समान मात्रा होतात, कारण तेथे नासिक्य ‘न्’ ही स्वतंत्र मात्रा असते. एका स्वराला एक मात्रा दिली की एकाच ओळीत इंग्रजीच्या मानाने थोडेच शब्द मावतात. म्हणूनच १९७० च्या सुमारास जपानी भाषेत रॉक गाता येईल काय, असा वाद तेथील संगीतक्षेत्रात झाला. ‘हॅपी एंड’ या वृंदाने १९७१ च्या ‘काझेमाची रोमान’ या संग्रहाने त्याला होकारार्थी उत्तर दिले. पुढे १९७८ साली पदार्पण केलेल्या ‘सदर्न ऑल स्टार्स’ या वृंदाच्या कुवाता केइसुके यांनी जपानी शब्द इंग्रजी धाटणीने वळवून, दाटीवाटीने गाण्याची निराळीच रीत रूढ केली.

कुसानो यांनी ही दाटी टाळली. त्यांच्या चालींत बहुतांशी एका स्वराला एक मात्रा येते, आवाज उंच असूनही ताणलेला नसतो आणि मिवा यांची गिटार स्वरसंघातातील सूर एकेक सुटे छेडीत शब्दांना वाट मोकळी ठेवते. परिणामी प्रत्येक शब्द पहिल्याच श्रवणात कळतो आणि अप्रशिक्षित कंठालाही गाता येतो.

परंतु शब्द कळला म्हणजे गीत कळले, असे होत नाही. ‘रॉबिन्सन’ हा शब्द त्या गीतात कोठेही येत नाही. थायलंडच्या प्रवासात पाहिलेल्या एका दुकानाचे ते नाव आहे. ‘सोरा मो तोबेरु हाझु’ या शीर्षकातील ‘मो’ म्हणजे मराठीतील ‘-ही’, आणि ‘तोबेरु’ म्हणजे ‘उडता येणे’. अखेरचा ‘हाझु’ हा शब्द अनुमानावर आधारलेली अपेक्षा दर्शवितो. ‘आकाशातही उडता यायला हवे’ असा त्याचा अर्थ. ‘उडता येते’ असे आश्वासन त्यात नाही. कोणाला उडता यावे, हेही सांगितलेले नाही, कारण जपानी वाक्याला कर्त्याचा उच्चार आवश्यक नसतो. शाळेचा निरोप घेणाऱ्या मुलाला त्यात उमेद ऐकू येते. तेच गीत चाळिशीत ऐकणाऱ्याला त्यातील शंका ऐकू येते. दोन्ही अर्थ व्याकरणाला मान्य आहेत.

मराठीत अनुवाद करू पाहणाऱ्याला या मोकळीकीची किंमत विशेष जाणवेल. या गीतांतील ‘बोकु’ (मी) हे सर्वनाम मुख्यतः पुरुषांच्या बोलण्यात येत असले, तरी जपानी क्रियापदाला लिंग नाही, आणि ‘किमी’ (तू) कोणालाही उद्देशून म्हणता येते. मराठीत ‘तू गेलास’ की ‘तू गेलीस’ हे ठरविल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. आणि ते ठरताच अनेक श्रोत्यांपैकी काही गीताबाहेर पडतात. १९९८ सालचे ‘काएदे’ (मेपल वृक्ष) हे विरहगीत २००२ सालच्या एका गौरवसंग्रहात मात्सुतोया युमी या गायिकेने गायिले. गाणारी व्यक्ती बदलली तरी शब्द बदलण्याची गरज पडली नाही.

या मोकळ्या जागेत काय दडले आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. कामभाव आणि मृत्यू हे आपल्या गीतांचे मूळ विषय आहेत, असे कुसानो यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. निरोपसमारंभात गाणाऱ्या मुलांना ते ठाऊक असण्याची गरज नाही. गीत त्यांच्यापासून काही लपवीत नाही, केवळ घाईने सांगत नाही.

केवळ संदिग्धता हे टिकाऊपणाचे कारण मानणे चुकीचे ठरेल. दुर्बोध गीते पुष्कळ असतात आणि ती लवकर विसरली जातात, कारण ती कंठस्थच होत नाहीत. उलट केवळ सुबोध गीत पाठ होते आणि तेथेच संपते. ‘स्पिट्झ’च्या गीतांत हे दोन्ही गुण एकत्र आले आहेत : शब्द बालवयातच तोंडी बसतात आणि अर्थ उरतो. वयाबरोबर तो थोडाथोडा उमगत जातो. म्हणून ते गीत पुन्हा गावेसे वाटते.