जीएमआरटी अँटेनांची जाळीदार रचना

जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप (जीएमआरटी) ही पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे असलेली रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० अँटेनांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर असून त्यांचे परावर्तक अखंड पत्र्याऐवजी पोलादी तारेच्या जाळीचे आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ही दुर्बीण चालवते.

पार्श्वभूमी

दूरच्या आकाशस्थ स्रोतांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी अत्यंत क्षीण असल्याने त्या गोळा करण्यासाठी विस्तीर्ण परावर्तक लागतात. अखंड परावर्तक जड असतो व त्यावर वाऱ्याचा मोठा दाब येतो. त्यामुळे आधाराचा सांगाडा, यंत्रणा आणि खर्च वाढत जातो. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर ‘स्मार्ट’ ही रचना विकसित केली. तीत तारेच्या दोरांच्या कैच्यांवर जाळी ताणून तिला अन्वस्ताकार दिला जातो. भारताच्या मैदानी भागात हिमवर्षावाचा भार नसल्याने अशी हलकी रचना शक्य झाली.

कार्यतत्त्व

छिद्रे तरंगलांबीच्या मानाने पुरेशी लहान असतील, तर लहरींच्या दृष्टीने धातूची जाळी जवळजवळ अखंड पृष्ठभागासारखी वागते. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारातील जाळीमागचे तत्त्व हेच आहे: तीतून प्रकाश बाहेर येतो, पण सुमारे १२ सेंटिमीटर लांबीच्या लहरी आतच राहतात.

जीएमआरटीची तार ०.५५ मिलिमीटर जाडीची आहे. जाळीचे चौकोन मध्यभागी १० मिलिमीटरचे, तर कडेला २० मिलिमीटरपर्यंत आहेत. १५० मेगाहर्ट्झला तरंगलांबी २ मीटर असते, तर १४५० मेगाहर्ट्झला सुमारे २१ सेंटिमीटर. म्हणजे सर्वांत आखूड लहरीच्या तुलनेतही छिद्र सुमारे एक दशांश किंवा त्याहून लहान असते. वारा मात्र जाळीतून सहज आरपार जातो.

मर्यादा

वारंवारता वाढली की तरंगलांबी घटते. मग जाळीतून अधिक लहरी निसटतात, तसेच जमिनीचे उष्णताजन्य प्रारण आत येऊन मापनात भर घालते. ताणलेली जाळी लहान सपाट तुकड्यांची बनलेली असल्याने आकारातील त्रुटीही जाणवू लागतात. म्हणून ही रचना मीटर ते डेसिमीटर तरंगलांबींसाठीच योग्य ठरते.

व्यापक संदर्भ

तरंगलांबीपेक्षा लहान रचनांनी लहरींचे वर्तन बदलणे हा मेटामटेरिअल संशोधनाचाही पाया आहे. मात्र तेथे केवळ परावर्तन नव्हे, तर घटकांचा आकार व मांडणी यांतून नैसर्गिक पदार्थांत न आढळणारे गुणधर्म मिळवले जातात. या विचाराचे एक पूर्वरूप भारतातच आढळते. जगदीशचंद्र बोस यांनी १८९८ मध्ये पीळ दिलेल्या तागाच्या तंतूंमुळे सूक्ष्मलहरींच्या ध्रुवणाचे प्रतल फिरते, हे दाखवले होते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर असल्याने त्यासाठी हेच घटक त्याहूनही लहान करावे लागतात. प्रकाशाचे नॅनोस्तरावरील संशोधन कठीण ठरण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

उपयोग व सन्मान

जीएमआरटीच्या १४ अँटेना मध्यवर्ती भागात, तर उर्वरित १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर आहेत. दोन अँटेनांमधील कमाल अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. या दुर्बिणीचा उपयोग हायड्रोजनच्या निरीक्षणांसाठी व पल्सारच्या अभ्यासासाठी होतो. २०२० मध्ये तिला आयईईई माइलस्टोन हा सन्मान मिळाला.