बालवाडी निवडताना आधी अंगण बघा

जूनच्या तोंडावर वस्तीत आरोग्य तपासणीला गेलो की तीन-चार वर्षांच्या मुलांचे आईवडील आम्हाला हमखास विचारतात, "याला कुठे घालू?" एका नर्सरीत टाय आहे, बूट आहेत, पहिल्या दिवसापासून एबीसीडी आहे. दुसरीकडे अंगणवाडी, तिथे म्हणे मुले "नुसती मातीत खेळतात". मन टायवाल्या नर्सरीकडे ओढ घेते. त्यामागचे कारण आम्हाला ठाऊक आहे. आपल्या आजी-आजोबांच्या वाट्याला माती आली ती दुसऱ्याच्या शेतात राबण्यापुरती. बाबासाहेबांना शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर, इतर मुलांपासून वेगळे बसावे लागले. म्हणून आपले लेकरू बाकावर बसलेले, हातात पेन्सिल धरलेले दिसले की ऊर भरून येतो. ही भावना खरी आहे. पण तीन वर्षांच्या शरीराची भूक वेगळी असते, ती आधी समजून घेऊ.

मुलाला मोकळी जागा कशासाठी?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली लहान मुलांसाठी सूचना दिल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल व्हावी, त्यातला एक तास तरी धावणे, उड्या मारणे, चढणे असा दमवणारा असावा. मोबाईल-टीव्ही एक तासापेक्षा जास्त नको. झोप १० ते १३ तास हवी.

आता आपली घरे बघा. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, दारात गल्ली आणि गल्लीत मोटारसायकली. तीन तास धावायचे कुठे? बंगल्यातल्या मुलाला घरी बाग असते. म्हणूनच बालवाडीतल्या मोकळ्या जागेची गरज त्याच्यापेक्षा आपल्या मुलाला जास्त आहे.

लिहिण्याचेही तसेच. या वयात मनगटाची हाडे पुरती तयार झालेली नसतात. माती मळणे, खडे वेचणे, पाणी ओतणे, दोरीला लटकणे यांतून हातात बळ येते. ते आले की पेन्सिल आपोआप नीट धरली जाते. उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना पुढे लांबचे अंधुक दिसण्याचा, म्हणजे चष्म्याचा, धोका कमी असतो. अंगावर थेट पडणाऱ्या उन्हामुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते. बंद काचेतून आलेल्या उन्हाने ते होत नाही. ते फार कमी पडले तर मुडदूस होतो, पाय वाकतात. शिवाय खेळून दमलेले मूल पोटभर जेवते आणि गाढ झोपते, हे तर प्रत्येक आईला माहीत आहे.

अंगणातली शाळा आपल्याकडची आहे

शहरांत हल्ली "निसर्गशाळा" नावाने महागड्या बालवाड्या निघाल्या आहेत. डेन्मार्कमध्ये १९५० च्या दशकात रानात भरणाऱ्या बालवाड्या सुरू झाल्या, असे तिथे कौतुकाने सांगतात. पण त्याआधी, १९४५ साली, ताराबाई मोडक यांनी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांत गेले. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, ही त्यांची रीत. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली. महागड्या खेळण्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने, काटक्या वापरल्या. २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तिच्या केंद्राचे नावही अंगणवाडीच. तेव्हा अंगणातले शिक्षण म्हणजे गरिबाला दिलेले कमी प्रतीचे शिक्षण, हा समज मनातून काढून टाका.

काय बघाल?

नुसती पाटी आणि गणवेश बघून परत येऊ नका. सकाळी बालवाडी भरल्यावर जा, अर्धा तास उभे राहा आणि एवढे तपासा:

१. मुले रोज किती वेळ बाहेर असतात? "शनिवारी खेळायला सोडतो" हे उत्तर पुरेसे नाही.

२. अंगणात सावली आहे का? काचा, खिळे, उघड्या वायरी नाहीत ना? वाळूत कुत्री-मांजरे घाण करत असतील तर ती वाळू झाकलेली हवी.

३. नाला, रस्ता, उघडी टाकी जवळ असेल तर कुंपण आणि फाटक आहे का? मुले बाहेर असताना एका बाईंची नजर सतत त्यांच्यावर असते का?

४. पिण्याचे स्वच्छ पाणी, साबण आणि चालू संडास आहे का? खेळ झाल्यावर आणि जेवणाआधी हात धुऊन घेतात का?

५. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी मुलांना बाहेर ठेवत नाहीत ना? पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात खेळू देत नाहीत ना? त्यातून लेप्टोचा, तर डासांमुळे डेंग्यूचा धोका असतो.

६. सगळी मुले एकत्र बसतात, एकाच माठातले पाणी पितात, एका पंगतीत जेवतात का? झाडलोटीला ठरावीक घरांतलीच मुले लावतात का? इथे काही खटकले तर अंगण कितीही मोठे असो, तिथे मूल घालू नका. तिथल्या प्रमुखांना जाब विचारा.

माती आणि आजार

मातीत खेळल्याने जंत होतील, ही भीती रास्त आहे. त्यावर उपाय सोपे आहेत: पायात चप्पल, कापलेली नखे आणि साबणाने धुतलेले हात. १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनी अंगणवाडीत मिळणारी गोळी चुकवू नका. धनुर्वातापासून संरक्षणासाठी १६ ते २४ महिन्यांचा आणि पाच वर्षांनंतरचा ट्रिपलचा बूस्टर झाला आहे का, ते लसीकरण कार्डावर बघा. मूल माती खात असेल तर मारू नका; अंगात रक्त कमी असल्याचे ते लक्षण असू शकते. दवाखान्यात दाखवा.

अंगणच नसेल तर?

कितीतरी अंगणवाड्या भाड्याच्या एका खोलीत भरतात. तिथून मूल काढू नका. तिथला गरम आहार, वजन-उंचीची नोंद आणि लसीकरण मुलाच्या हक्काचे आहे. त्यापेक्षा अंगण मिळवा. बुद्धविहाराचे आवार सकाळी बहुधा रिकामे असते. विहार समितीशी बोला, सेविकाताईंना सोबत घ्या, आणि महिला मंडळातल्या दोघी-दोघींनी पाळीपाळीने मुलांवर लक्ष ठेवा. जागेसाठी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.

अभ्यास मागे पडेल ही धास्ती नको. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पहिलीचे वय सहा वर्षे धरले आहे, आणि त्याआधीच्या तीन वर्षांत खेळातून शिकवण्यावर भर आहे. बाबासाहेबांनी सांगितलेले शिक्षण आपल्या मुलांना पुढे वीस वर्षे घ्यायचे आहे. त्यासाठी लागणारी हाडे, डोळे आणि हात आज अंगणात घडू द्या.